वाचकांचे प्रश्न : पक्के दात तीन दिवसांत की सहा महिन्यांत?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. हिरड्यांच्या विकारामुळे चार वर्षांपूर्वी त्यांचे सर्व दात काढावे लागले. वरची कवळी ठीक बसते, पण खालची बोलतानासुद्धा उचलली जाते आणि भाकरी ते दुधात कुस्करूनच खातात. त्यांना मधुमेह आहे, तंबाखूही पूर्ण सुटलेली नाही. नाशिकमधील एका दवाखान्यात इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूवर, तीन दिवसांत पक्के दात बसवून देऊ असे सांगितले, तर दुसरीकडे सहा महिने लागतील असे कळले. खर्चातही मोठे अंतर आहे. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, निफाड

उत्तर : दोघांपैकी कोणी एक खोटे बोलत आहे असे मानण्याचे कारण नाही, बहुधा दोघे वेगवेगळ्या टप्प्यांविषयी बोलत असावेत. टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या १९५२ साली सशांवर केलेल्या प्रयोगांत लक्षात आले आणि १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. ही एकजीव होण्याची क्रिया साधारण तीन ते सहा महिने चालते आणि कोणत्याही दवाखान्याला ती तीन दिवसांवर आणता येत नाही. इम्प्लांट हाडात पुरेसे घट्ट बसले, तर सर्व इम्प्लांट एकमेकांना जखडणारे अॅक्रिलिकचे तात्पुरते दात मात्र पहिल्या काही दिवसांतच देता येतात. पहिल्या महिन्यात पकड किंचित सैलावते, कारण पिळून बसवल्याची घट्ट पकड कमी होत असते आणि नवीन हाडाची पकड अजून तयार झालेली नसते; म्हणून त्या काळात मऊ भात, खिचडी, उकडलेल्या भाज्या असेच जेवण घ्यावे लागते. दिवस मोजून दवाखाना निवडण्याऐवजी ‘तीन दिवसांनी मिळणारे दात तात्पुरते की कायमचे, आणि कायमचे कधी व कशाचे?’ हा प्रश्न दोन्हीकडे विचारा. काही ठिकाणी जबड्याच्या खोलवरच्या टणक हाडात टोचणारे वेगळ्या घडणीचे इम्प्लांट वापरून लगेच कायमचे दात बसवतात. तसे असेल तर कोणत्या पद्धतीचे इम्प्लांट आहे, पुढे बिघडल्यास कोण व कसे काढणार, हेही लेखी घ्या.

सहसा एका जबड्यात चार ते सहा इम्प्लांट पुरतात, प्रत्येक दाताला एक लागत नाही. पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या चार इम्प्लांटच्या पद्धतीत मागचे दोन इम्प्लांट तिरपे बसवतात. त्यामुळे वरच्या जबड्यात नाकाशेजारची सायनसची पोकळी टळते, तर खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी मज्जातंतू टळते, आणि हाड कमी असतानाही अनेकदा हाडाचे रोपण वाचते. हाड किती उरले आहे हे साध्या एक्स-रेवरून नीट कळत नाही, म्हणून सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारी तपासणी) न करता इम्प्लांटची संख्या सांगणाऱ्या दवाखान्याबाबत मी तरी सावध राहीन.

मात्र आपण लिहिलेल्या वर्णनावरून मला पक्क्या दातांच्या आधी दुसराच पर्याय सुचतो. वरची कवळी टाळूवर पसरलेली असते आणि तिथल्या ओलाव्याच्या चिकटपणाने धरून राहते. खालच्या कवळीला असा मोठा आधार नसतो, जीभ तिला सारखी हलवते, शिवाय दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्याच्या तुलनेत अधिक वेगाने झिजते. त्यामुळे खालीच त्रास होणे स्वाभाविक आहे. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर चापासारखी अडकणारी, काढघाल करता येणारी कवळी देतात. सर्व दात गेलेल्या माणसाला खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असे मत २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडले होते. यात शस्त्रक्रिया छोटी, खर्च कमी आणि कवळी काढून सिंकखाली स्वच्छ धुता येते. ज्यांच्या हातांना कंप आहे किंवा दृष्टी मंद आहे, त्यांच्यासाठी ही शेवटची बाब फार मोलाची ठरते. त्याआधी सध्याच्या कवळीला आतून नवा थर देऊन ती घट्ट होते का, हे पाहणेही योग्य. चार वर्षांत जबड्याचा आकार बदललेला असतोच.

वडिलांच्या बाबतीत खरी अडचण दवाखान्याची नसून तंबाखूची आहे. तंबाखू व धूम्रपान यांमुळे जखम भरणे मंदावते आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्यांपैकी काहींचे गाल आतून आखडून तोंडच पुरेसे उघडत नाही, मग मागे यंत्र पोहोचत नाही. मधुमेह असणे ही इम्प्लांटला आडकाठी नाही, पण एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सातच्या आसपास, निदान आठच्या खाली आणून मगच शस्त्रक्रियेचा दिवस ठरवावा. खर्चाचे आकडे तुलनेसाठी समोर ठेवताना त्यात स्कॅन, तात्पुरते दात, कायमचे दात, गरज पडल्यास हाडाचे रोपण आणि पुढील तपासण्या धरल्या आहेत का, हे पाहा. नाही तर स्वस्त वाटणारा आकडा शेवटी महाग पडतो. पंचवटीतील दंत महाविद्यालयातील कृत्रिम दंत विभागातही मत घेता येईल.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना, वय ७४, हाडे ठिसूळ झाल्याने आठवड्याला एक गोळी चालू आहे. इम्प्लांट बसवण्याआधी ती बंद करावी का? — सून, सिडको

उत्तर : आपण होऊन बंद करू नका. अॅलेन्ड्रोनेटसारख्या गोळीमुळे जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका फार थोडा असतो. कर्करोगासाठी शिरेतून देण्यात येणाऱ्या तशाच औषधाच्या बाबतीत मात्र तो बराच जास्त असतो आणि तिथे इम्प्लांट टाळणेच बरे. हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी घेण्याचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर ते लांबवल्यास मणक्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. म्हणून गोळीचे नाव आणि ती किती वर्षे चालू आहे, हे दंतवैद्याला सांगा आणि निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून होऊ द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळीलाही हेच लागू.

प्रश्न : पक्के दात बसवल्यावर पुन्हा काही करावे लागत नाही ना? — एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड

उत्तर : कीड लागणार नाही, कारण ते नैसर्गिक दात नाहीत. पण इम्प्लांटभोवतीच्या हिरडीत सूज येऊन हाड झिजू शकते आणि ते बहुतेक वेळा दुखल्याशिवाय होते. दातांच्या सलग पट्टीखालची जागा छोट्या ब्रशने व पाण्याच्या धारेच्या यंत्राने रोज स्वच्छ करावी लागते, दर सहा महिन्यांनी दवाखान्यात तपासणी करावी लागते, आणि वर्षांनुवर्षे वापरल्यावर स्क्रू सैल होणे किंवा दाताचा टवका उडणे घडू शकते. म्हणून इम्प्लांटच्या पाकिटावरील कंपनी व मापाचे स्टिकर फाईलमध्ये जपून ठेवावे. पुढे दुसऱ्या गावच्या दंतवैद्याकडे जायची वेळ आली, तर त्याला योग्य स्क्रू मागवणे त्यावरूनच शक्य होते.