बटाट्याला कोंब, मुलाला वाढ : इंग्रजी क्रियापदांविषयी वाचकांचे प्रश्न

मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘जर्मिनेट’ आहे आणि मोड आलेल्या मुगाच्या पाकिटावर ‘स्प्राउट्स’. अर्थ एकच ना? – एक आई, नाशिक

मुगापुरता जवळजवळ एकच. भिजत घातलेला मूग पाणी शोषून फुगतो, आतला गर्भ वाढू लागतो, साल फाटून मुळाचं पांढरं टोक बाहेर डोकावतं. बीमधल्या या घडामोडीला ‘जर्मिनेट’ म्हणतात. ‘स्प्राउट’मध्ये डोळ्यांना दिसणारा मोड किंवा कोंब महत्त्वाचा, मग तो कुठूनही फुटो. टोपलीत राहून गेलेल्या बटाट्यांना कोंब आले, तर ‘द पोटॅटोज हॅव स्प्राउटेड’ म्हणा. तिथे ‘जर्मिनेटेड’ चालणार नाही, कारण बटाटा हे बी नव्हे, ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. कांदा, लसूण, छाटलेली जास्वंद, सगळ्यांना ‘स्प्राउट’च. घरात कुणी शेती करत असेल तर बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल मुलीला जरूर दाखवा. त्यावर टक्क्यांत लिहिलेली उगवणशक्ती म्हणजे ‘जर्मिनेशन’. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ते तिच्या जास्त लक्षात राहील.

मुलाखतीत मी ‘आय ग्रू इन सांगली’ म्हणालो. समोरच्यांनी ‘ग्रू अप’ अशी दुरुस्ती केली. एवढा फरक पडतो का? – नोकरीच्या शोधातला एक वाचक

पडतो. नुसत्या ‘ग्रो’त आकार, उंची, संख्या वाढते. लहानाचं मोठं होणं म्हणजे ‘ग्रो अप’. आजीने वाढवलं असेल तर ‘आय वॉज ब्रॉट अप बाय माय ग्रँडमदर’. अमेरिकेत ‘रेज्ड’ जास्त ऐकू येईल. आपलं ‘वाढवणं’ दाढीपासून नातवापर्यंत सगळीकडे चालतं, म्हणून गोंधळ होतो. ऊस, भाजी, दाढी यांना ‘ग्रो’. कोंबड्या-शेळ्यांना मात्र ‘रेज’, ‘रिअर’ किंवा ‘कीप’. ‘वी ग्रो गोट्स’ असं कुणी लिहीत नाही.

आंब्याच्या मोहोराला ‘ब्लूम’ की ‘ब्लॉसम’? – रत्नागिरी

‘ब्लॉसम’. फळझाडांच्या बहराला तोच शब्द शोभतो, गुलाबाला ‘ब्लूम’. आणि अढीतला आंबा पिकतो तेव्हा ‘राइपन’.

वडिलांच्या डिस्चार्ज कार्डवर ‘पेशंट डेव्हलप्ड फीवर’ असं लिहिलंय. विकास तर चांगला असतो ना? – पुणे

‘डेव्हलप’ला आपण ‘विकास’ या एकाच शब्दाला बांधून टाकलं, तिथे अडचण झाली. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ गुंडाळलेलं उलगडणं. जे आधी नव्हतं किंवा दिसत नव्हतं ते पुढे येणं, मग ते बरं असो वा वाईट. भिंतीला तडा, अंगाला ॲलर्जी, एखाद्या गाण्याची गोडी, हे सगळं ‘डेव्हलप’ होतं. कार्डचा अर्थ इतकाच, की आधी नसलेला ताप नंतर आला.

याच शब्दाची दुसरी बाजू प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. अंगणवाडीत बाळाचं वजन करून तक्त्यावर ठिपका मांडतात, ती ‘ग्रोथ’. बाळ मान धरतं, पालथं पडतं, रांगतं, ‘बाबा’ म्हणतं, ते ‘डेव्हलपमेंट’. वजन छान वाढूनही बोलणं मागे राहू शकतं. डॉक्टर ‘ग्रोथ इज नॉर्मल’ म्हणाले, तर ‘आणि डेव्हलपमेंट?’ हेही विचारा. इंग्रजीत ही दोन उत्तरं वेगवेगळी असतात.

शेतात तण माजलंय, हे इंग्रजीत कसं सांगू? ‘वीड्स आर ग्रोइंग’ फार मिळमिळीत वाटतं. – एक शेतकरी, बारामती

बरोबर ओळखलंत, त्यात माजणं येतच नाही. ‘द फील्ड इज ओव्हररन विथ वीड्स’ म्हणा.