वाचक विचारतात : पारसिक हिलचा चढ आणि ई-सायकल

प्रश्न : पारसिक हिलवर राहतो. रोज बेलापूर स्टेशनपर्यंत उतरायचं आणि संध्याकाळी वर चढायचं. वजन ७२ किलो. दुकानात दोन सायकली दाखवल्या, दोन्ही २५० वॅटच्या. एकीची मोटार मागच्या चाकात, दुसरीची पेडलपाशी आणि किंमत जवळपास दुप्पट. वॅट सारखेच असतील तर जास्त पैसे कशाचे? (वाचक, सीबीडी बेलापूर)

उत्तर : पैसे गिअरचे. तुम्ही, सायकल आणि बॅग मिळून १०० किलो धरा. १०० मीटर पुढे जाताना ६ मीटर वर नेणाऱ्या, म्हणजे ६ टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटरने जायला साधारण १९० वॅट लागतात; १० टक्क्यांच्या चढावर ३००. ऑफिसच्या कपड्यांत घाम न काढता पाय ७५ ते १०० वॅट देतात, बाकीचं मोटारीने द्यायचं. चाकातली मोटार चाकाच्या गतीशी बांधलेली असते. चढावर चाक मंदावलं की तीही मंदावते, करंट मात्र जास्त ओढते आणि त्यातला बराच भाग नुसत्या उष्णतेत जातो. चढ लांबला की ती तापते आणि तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर मदत कमी करतो. पेडलपाशची मोटार सायकलच्या चेनमधूनच, म्हणजे गिअरमधून, जोर लावते. चेनच्या दातेरी चक्रांना पुढे ३८ आणि मागे ३४ दात असले तर ताशी १० किलोमीटरलाही पेडलच्या मिनिटाला ७० फेऱ्या होतात, म्हणून मोटारही सुखात आणि गुडघेही.

म्हणून आधी चढ मोजा. एक मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर चढाच्या दिशेने ठेवा, वर गवंड्याची पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टीचं खालचं टोक उचला. टोकाखाली जितके सेंटिमीटर, तितके टक्के. सर्वांत उभ्या वळणावर मोजायला विसरू नका. चढ ५-६ टक्के आणि जेमतेम किलोमीटरभर असेल तर आतून दातेरी चाकं असलेली चाकातली मोटार पुरते. फक्त मागचं फ्रीव्हील (चेनचं दातेरी चक्र) २८ ऐवजी ३४ दातांचं मागून घ्या. ८-१० टक्क्यांचा लांब चढ असेल तर पेडलपाशचीच घ्या, तिथे काटकसर नको. तिची चेन मात्र लवकर झिजते, चेनच्या मापकावर ती ०.५ टक्के लांबलेली दिसली की बदला.

चालवून बघताना रोजची भरलेली बॅग पाठीवर घ्या आणि चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघा. नुसती फेरी ओळखणारा सेन्सर पेडल जरा फिरल्यावरच मोटार सुरू करतो, तोवर सायकल मागे सरकते. पायाचा दाब मोजणारा टॉर्क सेन्सर लगेच जोर देतो.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच घ्या, पुढची डिस्क १८० मिलिमीटरची. पावसाळ्यात उतारावर पॅड भराभर संपतात. दर पंधरा दिवसांनी बघा.

प्रश्न : येऊरला चढताना बॅटरीच्या दोन रेघा शिल्लक असताना मोटार बंद पडते, सपाटीवर पुन्हा चालू होते. बिघाड आहे का? (वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ दाखवते आणि ३०-३१ च्या आसपास कंट्रोलर तिला तोडतो. चढावर १५ अँपिअर ओढले की दोन-तीन व्होल्ट तात्पुरते पडतात, त्यामुळे उभी असताना ३३ दाखवणारी बॅटरी मर्यादेला टेकते. मदतीची पातळी एक-दोन अंकांनी उतरवा, हलका गिअर लावा आणि निम्म्याहून कमी चार्जवर चढ सुरू करू नका. १०० मीटर उंची गाठायला, सगळं काम मोटारीवर टाकलं तर, सुमारे ४० वॅट-तास जातात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत असतात ३६०. पूर्ण चार्जवरही असंच होत असेल तर कनेक्टर तपासा. प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसलं तर तिथेच विजेला होणारा रोध वाढलाय. तेही स्वच्छ असेल तर आतला एखादा सेल कमजोर असू शकतो. बॅटरी स्वतः उघडू नका.

प्रश्न : लायसन्स लागतं का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : ई-सायकलची मोटार नियमातल्या ०.२५ किलोवॅटच्या मर्यादेतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मदत तोडत असेल तर लायसन्स आणि नोंदणी दोन्ही नाहीत. दुकानदार ‘लिमिट काढून देतो’ म्हणाला तर नकार द्या, ती सवलत त्याच क्षणी जाते.