सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट डब्ब: थेट सीटी स्कॅन करावा का?

आईचं वय ५५, दोन महिने पोट दुखतंय, फुगतंय, सोनोग्राफी नॉर्मल आली, तर आता सोलापुरातच थेट सीटी स्कॅन करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसतो, डॉक्टर नाही. पण माझं मत विचाराल तर आधी हातातला रिपोर्ट नुसत्या शेवटच्या ओळीवर न थांबता वरपासून वाचा.

तिथं बऱ्याचदा लिहिलेलं असतं की गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत, म्हणजे ज्याचं पोट गॅसनं तट्ट फुगलंय त्याच्याच आतलं कमी दिसतं. त्यात आमच्याकडे अक्कलकोट, मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीनं येणारे स्टँडवर चहा-वडा उरकतात आणि वर "काहीच खाल्लं नाही" म्हणून ठणकावून सांगतात! खाल्लं की पित्ताशय आकसतं, मग बारीक खडे हुडकणं अवघड. म्हणून सहा ते आठ तास उपाशी या म्हणतो. तपासताना डॉक्टर कुशीवर वळायला लावतात तेही उगाच नाही. कूस बदलली की सुटा खडा घरंगळतो, चिकटलेला पॉलिप (आतल्या अस्तरावरची छोटी वाढ) जागचा हलत नाही.

पित्ताचे खडे, मुतखडा, पोटात साठलेलं पाणी हे सोनोग्राफीत दिसतं. अ‍ॅसिडिटी, आयबीएस (आतड्याच्या कामातला बिघाड), दूध न पचणं हे दिसत नाही. अल्सरसाठी दुर्बीणच लागते. तेव्हा 'नॉर्मल' आलं म्हणून आईला "तुझ्या मनाचे खेळ" असं कुणी म्हणू नका. (आणि 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहून आलं असेल, तर पोटफुगीचं खापर त्याच्यावर फोडू नका.)

तुमच्या आईच्या बाबतीत मी एक गोष्ट आवर्जून विचारेन: अंडाशय नीट पाहिलं का? पाळी गेल्यावर ते लहान होतं, पोटावरून कधी कधी दिसतच नाही. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली पोटफुगी हटत नसेल, तर डॉक्टर योनीमार्गातून सोनोग्राफी सांगू शकतात. बायका संकोचानं टाळतात, टाळू देऊ नका.

सीटीत आतड्याचा टीबी, गाठ, अडथळा, स्वादुपिंड हे चांगलं कळतं. पण त्यात रेडिएशन आहे, बहुतेक वेळा शिरेतून औषध द्यावं लागतं, त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालतेय का, ते बघतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आधीच सांगा. पित्तनलिकेचा संशय असेल तर सीटीऐवजी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) सांगतील. म्हणून कसला संशय आहे ते डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहायला लावा आणि जुना रिपोर्ट फिल्मसकट घेऊन जा. सिव्हिलमध्येही सोय आहे, खासगीतच करायला हवं असं नाही.

वजन घटतंय, शौच काळी होतेय, डोळे पिवळे दिसतायत, तर अपॉइंटमेंटसाठी पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. उलट्या होऊन शौच आणि वारा दोन्ही बंद झालं, तर मात्र रात्र असली तरी आईला थेट कॅज्युअल्टीत न्या.