खाट ओसरीवर कधी आली?

प्रश्न : मी मूळची पुण्याची. लग्न होऊन अचलपूर तालुक्यातल्या खेड्यात आले, त्याला बरीच वर्षं झाली. सासूबाई अंगणात जरा उभ्या राहतात आणि सांगून टाकतात, "आता पाणी येते." मला काहीच दिसत नाही. पहिलीतल्या मुलीला घेऊन ऋतूंची वही ठेवावी म्हणते. काय लिहू? नक्षत्रांवर भरवसा ठेवावा का? आणि मृगाचा किडा दोन वर्षं दिसला नाही. संपला का तो?
— एक सून, अचलपूर तालुका

उत्तर : पोरी, वही घे आणि पहिली नोंद खाटेची कर. आमच्या वरूडकडच्या घरी ऋतू खाटेवरून कळायचे. होळी झाली की खाटा अंगणात कडुलिंबाखाली. मे लागला की तिथेही जीव घाबरायचा, मग गाद्या माडीवर. आणि एखाद्या रात्री वादळ सुटलं की सासूबाई ओरडायच्या, "अवो, गाद्या घ्या, गाद्या!" तशाच डोक्यावर घेऊन आम्ही सगळे ओसरीवर. माझ्या लेखी पावसाळा त्या रात्री लागतो. वेधशाळेचा वेगळा असेल.

तारीख लिहायची सवय मात्र मला नुकसानीतून लागली. बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस, असं आपल्याकडे जो तो सांगतो. आमच्या विहिरीवर बहावा आहे. एका वर्षी तो एप्रिलच्या मध्यावर पिवळाधमक झाला. मी बोटं मोजली, ह्यांच्या मागे लागले आणि मेच्या अखेरीस कपाशीची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करून घेतली. पाऊस आला, पण एका सरीपुरता. बी फुगलं, दोन पानांवर आलं आणि करपलं. दुबार पेरणी झाली. हे काही बोलले नाहीत. जेवता जेवता एकदा विहिरीकडे पाहिलं, एवढंच. तेव्हापासून मी फुलल्याची आणि पाऊस पडल्याची, दोन्ही तारखा लिहिते. अंतर कधी महिनाभराचं निघतं, कधी दोन महिन्यांचं. बहाव्याचा राग नाही, दरवर्षी त्याच्याखाली उभी राहतेच. पेरणी तेवढी त्याला विचारून करत नाही.

आता तुझ्या सासूबाईंचं. त्या आभाळाकडे पाहत असतील असं तुला वाटतं. माझा अंदाज, त्या घरातूनच काहीतरी ठरवून अंगणात आलेल्या असतात. उद्यापासून त्यांच्या हाताकडे लक्ष ठेव. वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की माठातून पाझरणारं पाणी लगेच उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. पाऊस जवळ आला की हवेत ओल येते. माठ बाहेरून ओलागच्च, पण पाणी कोमट. कुलरचंही तेच, कालपर्यंत थंड वारा देणारा कुलर आज नुसती चिकचिक करतो. बरणीतलं जाडं मीठ बोटाला लागतं, पापड वातड होतात. माझ्या सासूबाई सकाळी माठातलं अर्धा पेला पाणी प्यायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि म्हणायच्या, "गोवऱ्या आत घेऊन ठेवा." शेजारणी म्हणत, म्हातारीला आभाळाची भाषा कळते. कळायची ती माठाची. मुलीला रोज सकाळी एक घोट पाजून 'गार' की 'कोमट', एवढंच लिहायला सांग.

नक्षत्रांचं म्हणशील तर ती तारखा आहेत, हवामान नव्हे. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला १३-१४ दिवस येतात. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला. पंचांगातलं वाहन, म्हणजे बेडूक, म्हैस, गाढव वगैरे, हे तर नक्षत्रं मोजून नऊने भागून काढतात. त्यात ढग कुठेच नाही. तरी मला नक्षत्रं हवीत. 'मृगात पेरलं' म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं.

रोहिणीबरोबर लागणाऱ्या नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एक गंमत करा. २७-२८ मेला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अंगणात मुसळ सरळ उभं धरा. सावली दिसणारच नाही. त्या दिवशी सूर्य नेमका आपल्या डोक्यावर असतो. मग जुलैच्या मध्यापर्यंत तो भर दुपारी किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. जुलैच्या मध्यावर मुसळाची सावली पुन्हा एकदा नाहीशी होते, पण तेव्हा आपल्याला ढगच दिसतात.

वासही लिही. गावात संत्र्याचे बगीचे असतीलच. आंबिया बहार म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा; त्यासाठी झाडांचं पाणी काही दिवस तोडतात, आणि हा ताण तोडून पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि संध्याकाळी वास थेट चुलीपर्यंत येतो. मृग बहाराचं फूल पावसावर. पाऊस रुसला तर वास नाही, आणि त्या वर्षी त्या बहाराची संत्रीही नाहीत.

मृगाचा किडा संपला असं एवढ्यात म्हणू नकोस. मखमली लाल अंगाचा हा जीव खरं तर किडा नव्हेच. पाय मोज, आठ भरतील. कोळ्याच्या गोतातला आहे. वर्षभर मातीत असतो, पहिल्या चांगल्या पावसानंतर थोडेच दिवस वर येतो आणि ऊन तापलं की पुन्हा खाली. तू दहाला शोधत असशील. सकाळी सातला जा, अंगणात नको, जिथे नांगर फिरत नाही अशा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. सापडला तर मुलीला काडेपेटीत भरू देऊ नकोस. आम्ही भरायचो, दुसऱ्या दिवशी काय निघायचं ते सांगत नाही.

प्रश्न : पोळ्यानंतर महिन्याभराने शेपूट हलवणारा काळा-पांढरा पक्षी अंगणात येतो. नदीवर मात्र तो बारमाही दिसतो. मग हा पाहुणा की गावचाच?
— एक विद्यार्थी, वर्धा जिल्हा

उत्तर : दोन वेगळे पक्षी आहेत, बाळा. दोघांनाही धोबी म्हणतात, तिथेच घोळ होतो. नदीवरचा गावचा : डोकं काळं आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. अंगणातला पाहुणा : कपाळ नि गाल पांढरे. तो उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येतो आणि उन्हं कडक झाली की परततो. यंदा आधी कपाळ बघ, मग तारीख लिही.