ओ-कोनिग्सबुर्ग किल्ला सगळा नव्यानेच बांधलाय ना? मग त्यात मध्ययुगीन असं बघायचं काय?

फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या या किल्ल्याची छपरं नवी आहेत, हे खरं. पण कुठली भिंत कुठे आणि कशासाठी, हे पंधराव्या शतकातच ठरलं होतं. तुम्ही तीच मांडणी बघा.

किल्ला ७५७ मीटर उंचीवर, लांबट अरुंद खडकावर उभा आहे. पश्चिमेला मात्र डोंगराची सोंड पुढे जाते, म्हणजे शत्रूच्या तोफा तिथूनच येणार. १४६२ मध्ये किल्ला उद्ध्वस्त झाला. १४७९ मध्ये तो थियरश्टाइन घराण्याकडे गेला आणि त्यांनी नेमकी हीच बाजू बांधून काढली: दोन जाडजूड बुरूज आणि त्यांना जोडणारा भक्कम तट. लोक दमून सगळ्यात शेवटी इथे पोचतात आणि फोटो काढून उतरतात, याची मला फार हळहळ वाटते. सगळ्या किल्ल्याचं डोकं इथे कळतं. राहती दालनं या तटाच्या आड, मधे मोकळी जागा सोडून बांधली आहेत.

प्रवेश मात्र खालून होतो. पहिल्या दरवाजाच्या आत लोहारशाळा, गिरणी, खाणावळ असलेलं पटांगण. ते शत्रूच्या हाती गेलं तरी वर सिंह दरवाजा आणि उचलता पूल उरतोच. पुढे खडकात सुमारे ६२ मीटर खोल खोदलेली विहीर आहे. तोफेच्या माऱ्यात पाणी तुटू नये म्हणून तिच्याभोवतीही बांधकाम करून तिला तटबंदीत घेतलंय. मग आतला चौक, तळघरं, स्वयंपाकघर आणि वरचे मजले.

१६३३ मध्ये स्वीडिश सैन्याने ५२ दिवसांच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला आणि तो जळाला. १८९९ मध्ये सेलेस्टा शहराने हे अवशेष जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिले (अल्सास तेव्हा जर्मनीत होता). वास्तुविशारद बोडो एबहार्टने १९०० ते १९०८ या काळात जीर्णोद्धार केला. त्याने आधी उत्खनन केलं, मोजमापं घेतली, त्यामुळे मूळ आराखड्याला तो बराच धरून राहिला. कैसर दालनात मात्र सम्राटाचा थाट जास्त दिसतो. दालन भव्य दिसावं म्हणून वरचा मजला पुन्हा घातलाच नाही.

वेळ कमी असेल तर ते दालन झटकन उरका आणि पश्चिमेच्या बुरुजांसाठी निदान अर्धा तास ठेवा.