जुन्या जीप ट्रकला कार्बोरेटर की इंजेक्शन?

प्रश्न : आमच्याकडे १९७२ सालचा, खासगी नोंदणीचा, महिंद्राचा फॉरवर्ड कंट्रोल (चालकाची केबिन इंजिनावरच असलेला) जीप ट्रक आहे. इंजिन मूळचेच, हरिकेन पेट्रोल. सासवडजवळच्या शेतावर खत नेणे आणि हंगामात अंजीर-सीताफळ घरी आणणे एवढ्यापुरताच तो आता रस्त्यावर येतो. जुना सोलेक्स बनावटीचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) झिजला, तेव्हा आमच्या फिटरने मधे प्लेट करून मारुती ८००चा कार्बोरेटर बसवला. तेव्हापासून गाडी सपाटीला बरी चालते. पण भरलेली गाडी दिवे घाटात ओढत नाही, आणि उन्हाळ्यात घाट चढून थांबली की वीस-पंचवीस मिनिटे सुरू होत नाही. एक मित्र इंजेक्शनचे (विजेच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारे) किट बसवायला सांगतो, तर फिटर डिझेल इंजिनच टाकू म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारी घाटातल्या असल्या तरी त्यांचे मूळ एक नाही, म्हणून त्या वेगळ्या करून पाहू.

ओढीची तक्रार साध्या गुणाकाराने उलगडते. आपले इंजिन २,१९९ सीसीचे आहे आणि चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण हवा ओढते. त्यामुळे मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर, सिलिंडर तीन-चतुर्थांश भरतात असे धरले, तर त्याला सुमारे ३,३०० लिटर हवा लागते. मारुती ८००चे इंजिन ७९६ सीसीचे. ते ५,००० फेऱ्यांवर पळवले तरी याच हिशेबाने जेमतेम १,५०० लिटर हवा घेते, आणि त्याचा कार्बोरेटर तेवढ्याच मापाचा असतो. सपाटीला अर्ध्या ॲक्सिलेटरवर हे जाणवत नाही. चढाला पाय पूर्ण दाबला की मात्र इंजिन बारीक नळीतून श्वास घेऊ लागते. फिटरने त्या वेळी हाताशी होते त्यातून गाडी चालू करून दिली, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ती सोय तात्पुरतीच समजायला हवी होती.

गरम गाडी सुरू न होणे हे निराळे प्रकरण आहे. या ट्रकचे इंजिन केबिनमध्ये चालकाच्या शेजारीच पेटीखाली असते, आणि इंजिन बंद झाल्यावर त्या कोंडलेल्या उष्णतेने पंपातले, नळीतले व कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळू लागते. पुढच्या वेळी गाडी अडली की एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या गळ्यात पाहावे आणि हाताने ॲक्सिलेटर ओढावा. आत पेट्रोल ठिबकत असेल तर गाडी फ्लड झाली आहे, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल गेले आहे; ॲक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारावा. उलट धार अजिबात येत नसेल तर वाटी रिकामी आहे किंवा पंपात वाफ धरली आहे, आणि तिथे पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना चालकांचा उपाय आजही चालतो. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेणे आणि कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारे बेकलाइटचे जाड पॅकिंग घालणे. नवा कार्बोरेटर घेऊनही हे केले नाही, तर ही तक्रार जशीच्या तशी राहील.

खरेदीआधी व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढते ते दाखवणारे मापक) लावून घ्यावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर (गाडी उभी, ॲक्सिलेटर न दाबता) पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे दोनेक इंच कमी धरावेत. काटा स्थिर नसेल किंवा फारच खाली असेल तर व्हॉल्व्ह, टायमिंग किंवा त्या घरगुती प्लेटमधली एअर लीक आधी शोधावी. सीबी पॉइंटची (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांची) गॅप ०.०२० इंच आहे ना, तेही पाहावे. कार्बोरेटरच्या नावावर खपवलेले कितीतरी दोष पॉइंटवर एक हात फिरवल्यावर नाहीसे होतात.

हे सारे ठीक असेल तर माझे मत स्पष्ट आहे : जीपच्याच मापाचा सोलेक्स घ्यावा, किंवा जुना सोलेक्स अजून घरात पडून असेल तर त्याच्या थ्रॉटल शाफ्टला (हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याला) नवे बुश घालून तोच दुरुस्त करावा. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारताना नुसते ‘जीपचा कार्बोरेटर’ न म्हणता जुना नमुना हातात घेऊन जावे आणि शाफ्ट हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर वरून कितीही चकचकीत असलेला नग परत ठेवावा. डायफ्रॅम, पॅकिंग आणि रबरी नळ्या मात्र इथेनॉल सहन करणाऱ्याच घ्याव्यात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ पट पुरते, म्हणजे जुन्या जेटवर (ज्याच्या छिद्रातून पेट्रोल येते त्या तुकड्यावर) इंजिन थोडे ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे, चालते आणि चढाला अधिक तापते. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा मेन जेट १२५चा असेल, तर १३०चा घातल्यावर छिद्राचे क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढते, आणि आपल्याला हवा असलेला फरक साधारण तेवढाच आहे.

इंजेक्शन वाईट नाही. थंडीत सुरू होणे, उंचीनुसार मिश्रण बदलणे, यांत कार्बोरेटर त्याच्या जवळपासही येत नाही. अडचण या इंजिनाची आहे. हरिकेनच्या हेडमध्येच इनटेकचे (हवा-पेट्रोल आत जाण्याचे) मार्ग ओतलेले असतात, सिलिंडरांना ते वाटणारा वेगळा मॅनिफोल्ड नसतोच. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर देण्यास सरळ जागा नाही. कार्बोरेटरच्या जागी बसणारी, एकाच ठिकाणी पेट्रोल फवारणारी थ्रॉटल बॉडी तेवढी शक्य आहे, म्हणजे पेट्रोलची वाटणी पूर्वीसारखीच राहणार. शिवाय आजच्या बऱ्याच किटना तीन-चार बारचा दाब देणारा विजेवरचा पंप, टाकीपर्यंत परतीची नळी, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आणि अखंड वीज लागते. गाडीला अजून डायनॅमो असेल तर तो आयडलिंगवर जवळजवळ चार्जिंग करत नाही, तेव्हा आधी अल्टरनेटर आला. पॉइंटच्या ठिणगीचा गोंगाट ईसीयूला, म्हणजे इंजेक्शनच्या संगणकाला, गोंधळात टाकतो, तेव्हा इग्निशनही बदलणे आले. एवढे करून घाटात ईसीयू रुसला तर सासवडचा फिटर हात लावणार नाही. रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी असती तर मी वेगळे लिहिले असते.

डिझेल इंजिनाचा विचार सोडून द्यावा. त्यात इंजिन क्रमांक आणि इंधन या आरसीवरच्या दोन्ही नोंदी बदलतात, आणि गाडीतल्या अशा बदलांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे ते फिटरच्या शब्दावर करण्यासारखे काम नाही. आपली गाडी पन्नास वर्षांपुढची आहे. २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी कधी घ्यावीशी वाटली तर इंजिन मूळ रूपात असणे महत्त्वाचे ठरेल. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

सोलेक्स बसवल्यावर मिश्रणाचा स्क्रू कानाने जुळवून थांबू नये. पीयूसी केंद्रावर आयडलिंगचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा पाहावा. या काळातल्या पेट्रोल गाडीला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. मग भरलेली गाडी दिवे घाट चढवून माथ्यावर लगेच इंजिन बंद करावे आणि थंड झाल्यावर चारही प्लग काढून पाहावेत : पांढरे फटक दिसले तर जेट अजून एक माप मोठा घालावा, काजळी धरली असेल तर एक माप लहान घालावा.