कल्पना माझी, सिरीयल त्यांची?

प्रश्न: दीड वर्षापूर्वी एका चॅनलच्या मीटिंगमध्ये मी सिरीयलची कन्सेप्ट ऐकवली. सासू-सून मिळून एसटी स्टँडजवळ खानावळ चालवतात आणि सासू उधारीच्या वहीत पळून गेलेल्या नवऱ्याच्या नावावर रोज एक ताट मांडते. तेव्हा "कळवतो" म्हणाले, आता त्यांचाच प्रोमो आलाय, सासू-सून अन् खानावळ! केस होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: राग येणारच हो, पण आधी कडू ते सांगते. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद यांनी आपलं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक सिनेमावाल्यांना स्वतः वाचून दाखवलं होतं, मग १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' पिक्चर आला, पंजाबी घर, मद्रासी घर, पोरांचं प्रेम, प्रांतवाद, सगळं ओळखीचं, तरी १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे. बावीस वर्षांनी हे ऐकायला मिळालं बिचाऱ्यांना!

म्हणजे खानावळ कुणीही काढू शकतं.

पण दुसरी वाट आहे, विश्वासभंगाची. तुम्ही गोष्ट कामासाठी, विश्वासाने सांगितली आणि समोरच्याने ती परस्पर वापरली, यावर कोर्ट बोलतं. २००३ मध्ये मुंबई हायकोर्टात झी विरुद्ध सनडायल केस झाली, सनडायल या निर्मिती कंपनीने झीला ऐकवलेल्या 'कृष कन्हैया' नावाच्या कन्सेप्टवरून. ती रायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर केलेली होती, कन्सेप्ट नोट कागदावर होती, आणि हायकोर्टाने झीवरची तसली सिरीयल दाखवण्याची मनाई कायम ठेवली.

आता तुमचं काय? तोंडी सांगितलंत की मेल केला होता? मीटिंगचं इन्व्हाइट, "भेटून छान वाटलं" असला व्हॉट्सअ‍ॅप, काहीही असेल तर डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या. फेसबुकवर तर आत्ता काहीच लिहू नका, उलट तुमच्यावरच बदनामीची नोटीस यायची. पुढच्या वेळी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर करूनच बाहेर पडा, त्याने मालकी नाही मिळत पण तारीख तरी पक्की होते, आणि मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी "आज ही कन्सेप्ट ऐकवली, आपल्यातच ठेवावी" असा दोन ओळींचा मेल टाका. लाजतात लोक, काम जाईल म्हणून.

सध्या पहिले एपिसोड नीट बघा आणि रेकॉर्ड करून ठेवा. नुसती खानावळ असेल तर सोडून द्या. पण सासू वही उघडून नवऱ्याच्या नावावर ताट मांडताना दिसली, तर मात्र सगळे मेल घेऊन कॉपीराइटवाला वकील गाठा.